झिंगराजीची बायको

अकोल्याच्या पाहुण्यांनी पुतणीची, मंजुषाची सोयरीक अडवून धरली आहे, आणि तीही सव्वाशे वर्षांमागच्या एका इंग्रज बाईमुळे, हे धाकट्या भावाने फोनवर सांगितलं तेव्हा शेषरावांना खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण आधी त्यांना बरं वाटलं. वाईट नंतर वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज त्याच्याही नंतर.

“भाऊ, तुमी ते मडमचं लिहून राहिले न,” पंजाबराव म्हणाला, “ते आता कामात येऊन राहिलं पाहा. तिले लेकरूबिकरू नव्हतं, एवढं तुमी त्या बुढीले सांगून टाका.”

“कोणत्या बुढीला?”

“पोराची आजी. पार्बताबाई. घरात तिचंच चालते. म्हणे, पोट्टी चांगली हाये, घर चांगलं हाये, पण तुमच्यात मडमचं रक्त हाये म्हणतेत. ते आमाले चालत नाही. मंग कूळ कोणतं लावाव, म्हणे.”

“हे त्यांना सांगितलं कोणी?”

पंजाबरावने मोटारपंप बंद केल्याचं फोनवर ऐकू आलं.

“मीच,” पंजाबराव म्हणाला. “पहिल्या भेटीतच. मले वाटलं, आपला भाव वाढन.”

वरूडजवळच्या शेंदूरजनाघाटात, त्यांच्या गावी, खेरड्यांना कोणी खेरडे म्हणत नसे, मडमवाले म्हणत. पणजोबा झिंगराजी हे मिस कॅरोलाइन हॅथरवुड नावाच्या बाईच्या बंगल्यावर माळी होते. बाईचा भाऊ रस्त्यांच्या खात्यात इंजिनिअर होता. त्याचं घर सांभाळायला ती आली, सात-आठ वर्षं राहिली, भाऊ तापाने गेला तेव्हा परत विलायतेला निघून गेली. मागे राहिली ती बाग, आणि झिंगराजीचा एकुलता एक मुलगा. मुलगा गोरा होता, डोळ्यांनी घारा होता, आणि त्याला आई नव्हती. एवढ्या सामानावर गावाने गोष्ट उभी केली, आणि खेरड्यांनी ती नाकारायच्या ऐवजी वापरली. संत्र्याचा व्यापारी बागेत आला की पंजाबराव त्याला आधी आपले घारे डोळे दाखवायचा आणि मग झाडं.

शेषरावांचे डोळे काळे होते.

ते थोरले. शिकून अमरावतीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. इतकी वर्षं पुस्तकांत काढल्यामुळे त्यांची बोलीही पुस्तकी झाली होती, गावात गेले की लोक त्यांच्याशी जरा जपून बोलत. बायको वारल्यावर घरात ते एकटेच होते. मग पंजाबरावची मंजुषा फार्मसी शिकायला आली आणि पुढे इथेच एका दवाखान्यातल्या मेडिकलमध्ये नोकरीला लागली. ती त्यांना मोठेबाबा म्हणे आणि त्यांचं हस्तलिखित रात्रीच्या जेवणाआधी पान-दोन पान टाइप करून देई.

हस्तलिखित त्या मडमचंच होतं. खरं काय ते एकदा पाहून टाकावं, एवढाच हेतू सुरुवातीला होता. पण शेषराव एका धाग्याला लागले की त्यांना थांबता येत नसे, आणि इंग्रजांनी धागे फार ठेवले होते. श्रॉपशर परगण्यातलं लिंडेल कोर्ट नावाचं घर. लोकरीच्या व्यापारात कमावून कोण्या एका हॅथरवुडाने ते घेतलं, तेव्हापासून जमीन थोरल्याकडे, आणि धाकटे चर्चमध्ये, फौजेत नाहीतर हिंदुस्थानात. एका हॅथरवुडाने शेजाऱ्याशी पाणचक्कीच्या पाटावरून भांडण केलं आणि ते त्याच्या नातवाने मिटवलं. कॅरोलाइनच्या आजीने लग्नात आणलेली रक्कम नवऱ्याला खर्चता येणार नाही असा करार तिच्या बापाने करून घेतला होता. कॅरोलाइन चौथी मुलगी. तिचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण बापाला कबूल केलेले पैसे देणं जमलं नाही. हा भाग लिहिताना शेषरावांचा हात थांबला होता. हे काही परकं नाही, असं त्यांना वाटलं, आणि त्या दिवसापासून ती त्यांना घरच्यासारखी वाटू लागली.

दहा-अकरा वर्षं गेली. चारशेवर पानं झाली. अमरावतीतल्या एका प्रकाशकाने ती चाळून विचारलं होतं, “पण शेषराव, हे वाचणार कोण?” प्रश्न इतका बरोबर होता की त्यांनी हस्तलिखित उचललं आणि त्या माणसाचेच आभार मानून बाहेर पडले.

आता कोणालातरी ते ऐकायचं होतं.

पाहुणे रविवारी अमरावतीला शेषरावांच्या घरी आले. पार्बताबाई, त्यांचा मुलगा, आणि नातू योगेश, जो अकोल्याला बियाण्यांच्या कंपनीत होता आणि आत मंजुषा कुठे बसली असेल याचा अंदाज घेत होता. पंजाबराव आणि त्याची बायको इंदू गावाहून सकाळीच आले होते. पोहे झाले, चहा झाला. शेषरावांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मांडीवर फाईल घेतली.

“साधारण सोळाव्या शतकाच्या शेवटी,” त्यांनी सुरुवात केली.

योगेशच्या वडिलांनी खिशातून मोबाईल काढला. पंजाबरावने डोळे मिटले. पण पार्बताबाई ऐकत होत्या. मोठं कुंकू, कानात जुन्या घडणीचं सोनं, नजर शेषरावांच्या तोंडावरून हलत नव्हती.

“सारं थोरल्याले?” त्या मधेच म्हणाल्या. “अन् धाकट्याले काहीच नाही?”

“जमिनीतलं काही नाही.”

“मंग धाकट्याच्या बायकोनं काय कराव?”

“ते... ते लोक धाकट्याला मुलगी देताना विचार करत.”

“करतीनच न बाप्पा,” पार्बताबाई म्हणाल्या.

शेषरावांना धीर आला. ते पाणचक्कीच्या भांडणाकडे वळणार तेवढ्यात पंजाबरावने घसा खाकरला. “भाऊ, ते लेकराचं सांगा. पाव्हण्यायले परत जा लागते.”

“हो. तर कॅरोलाइन हॅथरवुड हिला अपत्य असल्याची कोणतीही नोंद मला आढळली नाही.”

“पाहा,” पंजाबराव पाहुण्यांना म्हणाला. “नव्हतं.”

इथे गप्प बसायला हवं होतं. शेषरावांना ते कळत होतं. पण नोंद न आढळणं आणि नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पंजाबने त्यांच्या देखत दोन्ही एक केल्या होत्या.

“म्हणजे, नव्हतंच असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “भाऊ वारल्यानंतरची तिची दोन वर्षं मला सापडत नाहीत. ती बंगल्यातही नाही आणि लिंडेललाही पोचलेली नाही. त्या काळात ती कुठे होती, हे आज तरी सांगता येत नाही.”

योगेशच्या वडिलांनी मोबाईल खिशात ठेवला. आतल्या खोलीत कपबशी वाजली. पंजाबराव मोठ्या भावाकडे पाहत राहिला. त्याचे घारे डोळे अगदी मोठे झाले होते.

“दोन वर्षं,” योगेशचे वडील म्हणाले. “दोन वर्षांत काहीही होते.”

“थांब रे,” पार्बताबाई म्हणाल्या. त्या शेषरावांकडे वळल्या. “पाव्हणे, त्या मडमची माय कोण्या घरची?”

“अ‍ॅन प्राइस. हेरफर्डकडचं घराणं.”

“अन् तिची माय?”

“सुझाना लेटन. ते लोक लडलोचे. सुझानाचे वडील वकील होते.”

“अन् तिची?”

“मार्था,” शेषराव म्हणाले. आयुष्यात त्यांना कोणी इतके चांगले प्रश्न विचारले नव्हते. “मार्था कॉर्फील्ड. तिचं माहेर गिरणीवाल्यांचं.”

“अस्सं. अन् तुमच्या आज्याची माय कोण्या घरची?”

शेषरावांनी तोंड उघडलं. मांडीवरच्या फाईलकडे पाहिलं, जणू ते तिथे असेल. मग पंजाबरावकडे पाहिलं. पंजाबराव छताकडे बघत होता.

“तिचं नाव?” पार्बताबाईंनी विचारलं.

“ते... ते माहीत नाही.”

“मडमले लेकरू होतं का नव्हतं, ते घेऊन मी काय करू?” पार्बताबाईंच्या आवाजात राग नव्हता. “तुमच्या आज्याले माय होती का नाही, तेवढं सांगा. तिचं नाव, तिचं माहेर. आमच्यात पोट्टी पाहतात तं मामकूळ पाहतात. नाव काढा, मंग अकोल्याले या. आमी काही पळून नाही चाललो.”

पाहुणे गेले. इंदूने कपबश्या उचलल्या. मग पंजाबराव म्हणाला, “दोन वर्षं तुमाले आजच सापडाची नव्हती काय भाऊ?”

“सापडली नाहीत, हेच तर मी म्हणालो.”

“हाव,” पंजाबराव म्हणाला. “तेच तं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुषा डबा भरताना म्हणाली, “मोठेबाबा, मले योगेशच पाहिजे.” ती एरवी त्यांच्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करी. “आमचं रोज बोलणं होते. मी तुमाले आतापर्यंत काही मागितलं नाही. एक नाव काढून द्या.”

“काढतो,” शेषराव म्हणाले. त्यांना वाटलं होतं की ते काढतील. चारशे पानांत त्यांनी किती मेलेल्या बायका शोधल्या होत्या. स्वतःची पणजी ती काय अवघड.

ते शेंदूरजनाघाटला गेले. गावातल्या तीन म्हाताऱ्या माणसांना भेटले. एकाने नाव सांगितलं बयना, दुसऱ्याने ठकू. तिसऱ्याने सांगितलं की तुमची पणजी मडमच होती, तुमी विसरले काय, आणि चहा पाजला. जमिनीच्या जुन्या कागदांत झिंगराजी होता, त्याचा बाप होता, बापाचा बाप होता. बायकांच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून बायका नव्हत्या. शेवटी तहसिलीतल्या रेकॉर्डरूमच्या माणसाला चार वेळा भेटून, दोनदा परत येऊन, त्यांनी कोतवाल बुकाची मोडीतली पानं पाहायला मिळवली. गावात जन्मलं-मेलं की कोतवाल जी नोंद द्यायचा, ती. धुळीने त्यांना शिंका येत होत्या. मोडी त्यांना वाचता येत होती. निवृत्तीच्या आधी ग्रंथालयात एका वर्गाला बसून ते शिकले होते आणि तेव्हा सगळे हसले होते. आज त्याचं चीज होणार, असं वाटून त्यांचं बोट कागदावरून सरकत होतं, आणि एका ओळीवर थांबलं.

झिंगराजी माळी याची बायको. ताप.

बस. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. वरखाली काही राहिलं आहे का ते पाहिलं. वर एका बैलाच्या चोरीची कोणीतरी भलत्या पानावर केलेली नोंद होती, आणि त्या बैलाचा रंग आणि शिंगांचं वळण दिलेलं होतं.

लिंडेलच्या चर्चच्या नोंदीत कॅरोलाइनची एक धाकटी बहीण होती. जन्मून आठवड्याभरातच गेलेली. फिलिपा मेरी अ‍ॅन. आठवड्याभराच्या पोरीला तीन नावं. शेषरावांना कधी कोणाचा राग येत नसे, किंवा आला तरी तो आपल्यावरच आहे असं त्यांना वाटे. त्या दिवशी रेकॉर्डरूममध्ये त्यांना राग आला आणि तो नेमका कोणावर, हे त्यांना ठरवता येईना. कोतवालावर, झिंगराजीवर, इंग्रजांवर, की आपल्या अकरा वर्षांवर. बाहेर येऊन त्यांनी पंजाबला फोन लावला.

“नाव नाही,” ते म्हणाले. “‘बायको’ एवढंच आहे.”

“मंग लावा एखादं,” पंजाबराव म्हणाला. “साऊबाई म्हणा. कोन पाहाले येते?”

“असं लावता येत नाही.”

“काहून नाही येत? ती आता उठून म्हणते काय, माह्यं नाव हे नाही म्हणून?”

अकोल्याला जायच्या आदल्या दिवशी शेषराव अय्युबच्या दुकानात बसले होते. अय्युब पुस्तकं बांधायचा. ग्रंथालयाची बांधणी वीस वर्षं त्याच्याकडे होती, आणि अख्ख्या अमरावतीत शेषराव ज्याच्याशी न अडखळता बोलत असा तो एकच माणूस होता. त्याने खळीचा ब्रश बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं.

“भाऊ, उन्होंने नाव मंग्या. सबूत मंग्या क्या?”

“नाही.”

“तो फिर? बच्ची का घर बसता है. तुमी एक नाव नहीं दे सकते? किताब में तो इत्ते नाव डाले.”

“ती खरी नावं आहेत, अय्युब.”

“ये भी तो खरी औरत थी,” अय्युब म्हणाला आणि ब्रश पुन्हा खळीत बुडवला.

अकोल्याला पार्बताबाईंचं घर गोरक्षण रोडच्या आत होतं. समोर शेवग्याचं झाड, ओट्यावर चपला. शेषराव आणि पंजाबराव दोघंच गेले होते. पंजाबराव सगळ्या रस्त्यात एकच गोष्ट सांगत आला होता, “भाऊ, लांबवू नका.” शेषरावांनी मनाशी वाक्य ठरवलं होतं: नाव सापडलं नाही, परंतु ती होती, आणि गावच्या नोंदीत तिच्या मृत्यूचा उल्लेख आहे. हे खरं होतं आणि पुरेसंही होतं. झिंगराजीला बायको होती एवढं त्यातून सिद्ध होत होतं.

पार्बताबाई खाटेवर बसल्या होत्या. योगेश दारात उभा होता आणि त्याचा चेहरा, शेषरावांच्या लक्षात आलं, परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखा होता. त्याने त्यांच्यासाठी खुर्ची पंख्याखाली सरकवून दिली.

“काढलं नाव?” पार्बताबाईंनी विचारलं.

“साऊ,” शेषराव म्हणाले.

आपण काय बोललो हे त्यांना ऐकू आलं. पंजाबरावलाही ऐकू आलं, कारण तो खुर्चीत ताठ झाला.

“माहेर?”

मूर्तिजापूरला चहासाठी गाडी थांबली तेव्हा समोर एक पाटी होती. ती सोडून शेषरावांना जगातलं एकही आडनाव आठवेना.

“मूर्तिजापूरकडचं,” ते म्हणाले. “ढोकणे.”

पार्बताबाई पुढे झुकल्या. “कोन्ते ढोकणे? वाडेगावातून उठून आलेले, का पहिलेपासूनचे?”

“ते... एवढं सापडलं नाही.”

“पहिलेपासूनचेच असतीन. दुसऱ्यायनं कधी पोट्टी तिकडं घाटात दिली नाही.” त्या मुलाकडे वळल्या. “अरे, मी कोनाची? ढोकण्याची न. माह्या आज्याची एक बहीण होती. वरूडच्या तिकडं, संत्र्याच्या भागात दिल्ती म्हणेत. लय लांब. बैलगाडीचे दिवस. एकडाव गेली, ते पुन्हा माहेरी आलीच नाही. माह्या बापाच्या तोंडून ऐकेल हाये मी.” त्या शेषरावांकडे पाहून हसल्या, आणि हसल्यावर त्यांचं वय दिसलं. “पन साऊ नाही, पाव्हणे. सारजा. तुमच्यात कोनीतरी चुकीचं सांगितलं. सारजा नाव होतं तिचं.”

“असेल,” शेषराव म्हणाले.

“असन काय, हायेच. अरे, पदर लागला आपला. आपन तं पहिलेचेच सोयरे निघालो. अन् मी इथं मडमचं घेऊन बसली.”

आतून साखर आली. पंजाबरावने शेषरावांचा हात दाबला, इतका की अंगठीचा खडा रुतला. योगेश दारातून दिसेनासा झाला. अंगणात तो फोनवर कोणाशी तरी बोलत होता आणि ते कोण हे सगळ्यांना माहीत होतं. शेषरावांच्या तोंडात साखर होती. 

परतीच्या रस्त्याला बोरगाव मंजू येईपर्यंत पंजाबराव हसत होता. “भाऊ, तुमी तं माह्याहून पक्के निघाले. काय चेहऱ्यानं सांगितलं. ढोकणे. मी म्हटलं, आता हे कुठून आणलं?”

“पाटीवरून.”

पंजाबराव आणखी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की भाऊ हसत नाही. “आता काय झालं? सोयरीक झाली. खोटं बोलले म्हणून वाईट वाटून राहिलं काय?”

शेषरावांना त्याचं वाईट वाटत नव्हतं, निदान तेवढं नाही. त्यांना दुसरंच काही सलत होतं आणि ते पंजाबला सांगण्यासारखं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं.

“मी गप्प राहून तिला नुसतं विचारायला हवं होतं, पंजाब. तुमच्या माहेरची कोणी मुलगी आमच्या भागात दिली होती का, एवढंच. आणि ती आपणहून म्हणाली असती, हो, सारजा, संत्र्याच्या भागात दिलेली, परत न आलेली, तर तो पुरावा होता. कदाचित तीच आपली पणजी असती. आपली खरी पणजी. पण ढोकणे मी सांगितलं. घाटात दिल्याचं मी सांगितलं. आता ती जे बोलली त्यातलं तिचं किती आणि माझं किती, हे वेगळं करता येणार नाही. कधीच.”

पंजाबराव त्यांच्याकडे वळला.

“म्हणजे ती खरीही असू शकते?”

“असू शकते. नसूही शकते.”

“मंग खरीच धरा न भाऊ,” पंजाबराव म्हणाला. “काहून जीवाले लावून घेता?”

तरी शेषरावांनी प्रयत्न सोडला नाही. आठवड्याभरात त्यांनी पार्बताबाईंना तीनदा फोन केला. प्रश्न कागदावर लिहून, त्यात उत्तर सुचेल असा शब्द येऊ नये म्हणून खाडाखोड करून. सारजाचा नवरा काय करायचा, असं तुमच्या वडिलांनी कधी सांगितलं होतं का? माळी होता न बाप्पा, पार्बताबाई म्हणाल्या, मडमच्या बागेत. हे वडिलांनी सांगितलं? आता ते काय आठवते, पन तुमच्याच घरचं हाये न. दुसऱ्या फोनला सारजा गोरी झाली होती. तिसऱ्याला घारी. “आमच्या ढोकण्यात हायेत घारे डोळे. माह्या भावाचे हायेत. साखरपुड्याले येईन तो, पाह्यजा.” शेषरावांनी फोन ठेवला आणि त्यांना पहिल्यांदाच मनापासून वाटलं की ही बाई जरा कमी बोलती तर बरं झालं असतं.

मंजुषा खूश होती. टाइप करायला बसली की मधेच फोनकडे पाहून हसायची. एकदा तिने विचारलं, “मोठेबाबा, सारजाचं पान केव्हा लिहिता? मी करून देते.” तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. शेषरावांनी त्या रात्री कागद पुढे घेतला. झिंगराजी माळी, एवढं लिहिलं. त्याची बायको, असं लिहिलं. त्यापुढे ‘सारजा’ लिहिलं तर ती खोटी असू शकत होती. ‘नाव अज्ञात’ लिहिलं तर तेही आता खोटं असू शकत होतं. कॅरोलाइनच्या हरवलेल्या दोन वर्षांबद्दल त्यांनी पाच पानं लिहिली होती, सगळ्या शक्यता मांडून. इथे एक ओळ जमेना. त्यांनी मंजुषाला सांगितलं की ते पान अजून तयार नाही.

साखरपुडा अकोल्याला एका मंगल कार्यालयात झाला. अमरावतीहून दोन गाड्या, शेंदूरजनाघाटाहून एक. पार्बताबाईंचा भाऊ आला होता. शेषराव सरळ त्याच्यापाशी गेले, नमस्कार केला, शेजारी बसले. म्हाताऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वीच झालं होतं. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता आणि तो काढायला डॉक्टरांनी मनाई केली होती.

“पहिले कसे होते हो डोळे?” शेषरावांनी विचारलं. “म्हणजे, रंगाने?”

“चांगले होते,” म्हातारा म्हणाला. “आता धूर-धूर दिसते.”

अंगठ्या झाल्या. फोटो झाले. पंजाबराव ज्याला त्याला सांगत होता की आमची पणजी ढोकण्यांची, मूर्तिजापूरची, आणि मडमचं जे गाव म्हणते ते सगळं फालतू आहे. पिढ्यानपिढ्या वापरलेली मडम त्याने एका महिन्यात काढून टाकली होती, आणि शेषरावांना कळलं की तो खोटं बोलत नाही. त्याला आता तसंच वाटतं. सारजाबद्दल बोलताना त्याचा आवाज जड होत होता.

जेवणं बसायच्या आधी पार्बताबाईंनी माईक बंद करायला लावला. त्यांच्या हातात हिरवं नऊवारी लुगडं होतं, त्यावर खण आणि नारळ. त्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

“आमची एक पोट्टी तिकडं दिल्ती,” त्या म्हणाल्या. “तिले माहेराहून कोनी कधी लुगडं नेलं नाही. मेली तरी कोनाले मालूम नाही. आमच्या घरावरचं ते राहून गेलं होतं. शेषराव, तिच्या घरात आता तुमीच मोठे. पुढे या.”

शेषराव उठले. सगळे पाहत होते, आणि इतके लोक आपल्याकडे पाहत असले की त्यांना नेहमी वाटे की आपण चुकीच्या खोलीत आलो आहोत. मंजुषा मखमली खुर्चीतून हसत होती. योगेश तिच्या कानाशी काही बोलला आणि तिने डोळ्यांनीच मोठेबाबांना खूण केली, जा ना. ज्या बाईसाठी हे लुगडं आणलं होतं ती तापाने गेली होती, हे या खोलीत फक्त त्यांना ठाऊक होतं. तेवढंच ठाऊक होतं.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“असं नाही,” पार्बताबाई म्हणाल्या. “नाव घेऊन घ्या. नाही तं तिले कसं पोचन?”

“झिंगराजीची बायको,” शेषराव म्हणाले.

“नाव.”

मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. आचाऱ्याकडून भांड्यांचा आवाज येत होता. पंजाबराव पुढच्या रांगेत हात जोडून उभा होता आणि त्याच्या घाऱ्या डोळ्यांत पाणी होतं.

“सारजा,” शेषराव म्हणाले.

“ऐकू नाही आलं मांगच्यायले,” काळ्या चष्म्यातला म्हातारा म्हणाला.

“सारजा,” शेषरावांनी पुन्हा सांगितलं, यावेळी मोठ्याने, आणि पार्बताबाईंनी लुगडं त्यांच्या हातांवर ठेवलं. ते वाटलं होतं त्याहून जड होतं. लोक जेवायला उठले. ते कुठे ठेवायचं, कोणाला द्यायचं, हे कोणी सांगितलं नाही आणि विचारायचं त्यांना सुचलं नाही, म्हणून पंगत उठेपर्यंत ते लुगडं मांडीवर घेऊनच बसले.